जावयाच्या गाडीचे चाक

माझे धाकटे बंधू (१९५१–२०१९) यांचे पूर्ण नाव शाळेच्या दाखल्यापुरतेच उरले. गॅरेजात आणि घरीही सारे त्यांना मिस्त्रीच म्हणत. कोणती दुरुस्ती थांबू शकते हे ते स्पष्ट सांगत, आणि कोणी हुज्जत घातली की भडकत. त्यांचा खरा संताप मात्र मी जावयापुढे पाहिला. मुलीला व नातवाला घेऊन तो घाटातून निघाला होता. दाराचा पोचा आजच काढा, ब्रेक परतल्यावर पाहू, असे त्याचे म्हणणे होते.

"जावईबापू, पोचा वर्षभर थांबेल. ब्रेकचे पॅड पार झिजलेत!"

"बाबा, नुसता आवाज तर येतोय. चारचौघांत ही गाडी कशी न्यायची?"

"चारचौघांचे नंतर बघा, आधी घाट तर उतरा!"

मिस्त्रींनी पुढचे चाक काढले आणि त्यावरच ठाण मांडले. "नवे पॅड बसल्याशिवाय चाक मिळणार नाही. जावयाचा मान घरी, इथे नाही!"

संध्याकाळी पॅड बसले आणि सारे सुखरूप पोहोचले. जावयाने मात्र सासऱ्याशी बोलणेच टाकले. मी दोनदा मध्यस्थी केली; "त्यांनी माफी मागावी," एवढेच तो म्हणाला. मिस्त्री त्या अबोल्यातच गेले. जावयाला मी आजही क्षमा केलेली नाही.