साइटअण्णा

अण्णांना ‘नाही’ म्हणता येत नसे. म्हणजे अजिबातच येत नसे. भाजीवाल्याने नरम पडलेले टोमॅटो पिशवीत सरकवले तरी ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने नेलं तरी ‘सरी’, आणि मंडळातल्या कुणी काहीही मागितलं तरी ‘सरी, करूया की’. असा माणूस सगळ्या गावाला आवडतो आणि कुणातरी एकाच्या डोक्याला ताप होतो. ती एक मी होते, कारण अण्णा मंडळाची वेबसाइट सांभाळत आणि ती पडली की मला फोन करत.

मंडळ म्हणजे बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांचं. शतकांपूर्वी इकडे आलेली ही घरं; बोलणं मराठी, पण दर दोन वाक्यांत एक कन्नड शब्द डोकावणारच. अण्णा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाची साइट हौसेने सुरू केली आणि लोक त्यांना साइटअण्णा म्हणू लागले. आता बंगळुरात साइट म्हणजे घर बांधायचा जमिनीचा तुकडा. त्यामुळे नवा माणूस त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारायचा, हेब्बाळकडे काय भाव चाललाय. अण्णा त्यालाही नाही म्हणत नसत. चौकशी करून सांगतो म्हणायचे, आणि खरोखर चौकशी करायचे!

मी पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते. ऑफिस हेब्बाळला, जवळच एका पीजीत राहणं, दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जिभेला फोड यायची वेळ आलेली. नवरात्रात कुणीतरी मंडळाचा पत्ता दिला म्हणून आरतीला गेले. प्रसादाच्या रांगेत मागच्या बाईंनी विचारलं, काय करतेस, तर मी सांगून बसले की वेबसाइट बनवते. दोन माणसं सोडून पुढे उभे असलेले अण्णा द्रोण हातात धरूनच वळले. पांढरा शर्ट, कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका, खिशात दोन चष्मे. म्हणाले, “आमचं पान पांढरं पडतंय गं. स्वल्प येऊन बघतेस काय?” आठवडाभरात मी त्यांच्या घरी होते, आणि महिनाभरात मी ‘पुट्टी’ झाले. पुट्टी म्हणजे छोटी पोर. तिशी गाठलेल्या बाईला हे ऐकायला का आवडावं, देव जाणे, पण आवडायचं.

साइट उघडून पाहिली आणि मी कपाळाला हात लावला. वेबसाइटला वरून जोडायच्या तयार सोयी मिळतात, त्यांना प्लगिन म्हणतात. शहाणा माणूस लागतील तेवढीच जोडतो. अण्णांनी जो मागेल त्याला जोडून दिली होती. पानावरून झेंडूच्या पाकळ्या गळत होत्या. दसऱ्याला किती वेळ उरला ते सांगणारं घड्याळ होतं. देवळातली घंटा होती, ती न विचारता वाजायची. पंचांग, वाढदिवसांची पट्टी, क्रिकेटचा स्कोअर, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करायची बटणं. फोटोंची दोन वेगवेगळी दालनं होती, कारण दोन साडूंनी वेगवेगळी मागितली होती आणि त्यांचं आपसात बोलणं नव्हतं.

आता या प्रत्येकाला पान उघडताना सर्व्हरच्या मेमरीतली थोडी जागा लागते, आणि त्या जागेला मर्यादा असते. मर्यादा ओलांडली की पान उघडतच नाही. नुसतं कोरं, पांढरं. मी मर्यादा वाढवून दिली. थोडे दिवस बरं चाललं, की अण्णा आणखी काहीतरी जोडायचे आणि पान पुन्हा पांढरं. मी पुन्हा वाढवली. शेवटी सर्व्हरवाल्या कंपनीने स्पष्ट सांगितलं की यापुढे वाढणार नाही. अण्णांना मी हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “स्वल्प ॲडजस्ट करून बस म्हणावं की सगळ्यांना.” जणू काही प्लगिनं म्हणजे बसच्या बाकावरची माणसं. मी त्यांच्यापुढे हात टेकले.

पुढच्या वर्षी मात्र प्रकरण गंभीर झालं. अष्टमीची आरती याही वर्षी साइटवर थेट दाखवायची असं ठरलं होतं, म्हणजे परदेशी गेलेल्या पोरांनाही बघता यावी. आधीच्या वर्षी ऐन आरतीत पान पांढरं पडलं होतं आणि अध्यक्षांना देशोदेशीचे फोन आले होते. या वेळी त्यांनी बैठकीत सांगून टाकलं की अष्टमीला साइट पडली तर ती बंद करायची. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, तेवढा पुरे. घरी परत येताना अण्णा मला म्हणाले, “ग्रुपमध्ये टाकलेलं वर वाहून जातं गं. उद्या कोण शोधणार? इथं कसं, ठेवलं तिथं राहतं.” माझा राग तिथल्या तिथे पळाला. ही साइट काहीही करून उभी ठेवायची असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मी सगळी प्लगिनं बंद केली आणि एकेक चालू करत कोण किती जागा खातंय ते पाहिलं. बाकीची सगळी थोडी थोडी खात होती. एक मात्र एकटंच जवळजवळ निम्मं ताट साफ करत होतं. त्याचं नाव ‘आजची रांगोळी’.

ही रांगोळी अण्णांच्या बायकोची. तिला सगळे अक्का म्हणत. बळेपेटेतल्या जुन्या घरी असताना अक्का रोज पहाटे अंगणात रांगोळी काढायची आणि अण्णा कारखान्याची बस गाठण्याआधी त्या रांगोळीचा फोटो काढायचे. वर्षानुवर्षं काढले. मग भावांनी घर विकलं, हे दोघे हेब्बाळच्या नवव्या मजल्यावर राहायला आले. खिडकीतून तळं दिसतं, पण दाराबाहेर सोसायटीची चकचकीत फरशी, आणि अक्काचे गुडघे वाकेनासे झालेले. तेव्हा अण्णांनी पुतण्याकडून हे प्लगिन लिहून घेतलं. त्या त्या तारखेची जुन्या वर्षातली रांगोळी साइटवर दिसायची. पुतण्या हौशी, त्याने असं लिहून ठेवलं होतं की एक फोटो दाखवण्यासाठी सगळेच्या सगळे फोटो आधी उघडायचे. मी नीट लिहून देऊ शकले असते, पण त्याला सवड हवी होती आणि अष्टमी तोंडावर आली होती.

मी अण्णांना दाखवलं. त्यांनी एक चष्मा काढून दुसरा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ते सोडून काय काढता येईल ते सांग.”

आणि मग सुरू झाली आमची वारीच म्हणा ना, घरोघरची. कारण अण्णांचा नियम होता, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. मी म्हटलं, अहो अण्णा, फोन करा ना. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच गावंढळ. “पंगतीत बसलेल्याला फोन करून उठवतो काय आपण?” असं म्हणून त्यांनी रिक्षाला हात केला. सुट्टीच्या दोन्ही दिवशी आम्ही हिंडलो. प्रत्येक घरी कॉफी, प्रत्येक घरी कोडबळी, म्हणजे आपली कडबोळीच. अण्णा आधी तब्येतीची चौकशी करायचे, मग मुलांची, मग इतकं अवघडून मुद्द्यावर यायचे की समोरच्याला वाटायचं, हे काहीतरी वाईट बातमी घेऊन आलेत.

इंदिरानगरला दातांचे एक डॉक्टर होते. झेंडूच्या पाकळ्या त्यांनी मागितलेल्या. अण्णांनी हात जोडून सांगितलं की अमुक अडचण आहे, तुमची परवानगी असेल तर पाकळ्या काढतो. डॉक्टर म्हणाले, “कसल्या पाकळ्या?” त्यांच्या लक्षातच नव्हतं. पुढच्या घरी घड्याळ लक्षात नव्हतं. एका साडूने तर विचारलं, आपली साइट अजून आहे होय? सगळे खुशीने काढा म्हणाले, कुणी हरकत घेतली नाही. काम झालं म्हणून मी खूश. परतताना रिक्षात अण्णा मात्र बाहेर बघत बसले होते. म्हणाले, “विसरले की गं सगळे.” ज्या इच्छा त्या लोकांनी कधीच सोडून दिल्या होत्या, त्या हा माणूस इतकी वर्षं फोन करकरून, माझी बोलणी खाऊन जिवंत ठेवत होता. मला इतकं भरून आलं की मी त्यांच्या हातातली कोडबळ्यांची पिशवी उगाचच माझ्याकडे घेतली.

रांगोळीचा विषय मी तेव्हा पुन्हा काढला. एवढं सगळं काढूनही आरतीच्या वेळी साइट टिकेल याची मला खात्री नव्हती. अण्णांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “ते तेवढं राहू दे. तिथं अंगण होतं. इथं सकाळी उठून ती बघणार काय?”

अष्टमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी बसून चाचणी घेत होते. अण्णा मंडळात खुर्च्या मांडायला गेले होते. आरतीच्या वेळी येतील तितके लोक येताहेत असं सोंग करून मी साइट उघडत होते आणि पान पुन्हा पुन्हा पांढरं पडत होतं. अक्का कॉफी घेऊन आली. ही बाई बोलायला कमी. पेला माझ्यासमोर ठेवून तिने विचारलं, कुठलं जड होतंय? मी इकडचं तिकडचं सांगायला लागले. ती खुर्ची ओढून, गुडघा दाबत बसली.

“आमचंच ना?” ती म्हणाली. “काढ.”

मी म्हटलं, अक्का, अण्णांनी बजावून सांगितलंय, तुम्ही सकाळी उठून ते बघता.

अक्का हसली. “मी कशाला बघू? मी काढलेली रांगोळी मला माहीत नाही काय? ते सकाळी फोन घेऊन येतात. माझा चष्मा शोधून देतात. ही बघ गौरीची, ही बघ पाडव्याची, करतात. त्यांना बरं वाटतं म्हणून बघते मी.” मग म्हणाली, “साइट पडली तर ते जेवायचे नाहीत. तू काढ. त्यांना काय सांगायचं ते मी बघते.”

मी काढलं. पान लख्ख उघडलं, मग पुन्हा उघडलं, कितीही लोक आले तरी उघडत राहिलं. मला आनंदच होईना.

अष्टमीला आरती झाली. अण्णा देवीकडे पाठ करून लॅपटॉपसमोर उभे होते, हात जोडलेले. त्यांनी नमस्कार देवीला केला की साइटला, ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटची ओळ संपेपर्यंत पान हललं नाही. अध्यक्ष येऊन ‘चाललं की हो’ म्हणाले आणि अण्णांनी लहान मुलासारखी मान डोलावली. बंद करायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ते नेहमीप्रमाणे फोन घेऊन, चष्मा शोधून अक्काकडे गेले, तर साइटवर रांगोळी नव्हती. आणि अक्का जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर पाट ठेवून त्यावर रांगोळी काढत होती. तिने मान वर न करता सांगितलं की आजची ही बघा, आणि उचलून दाराबाहेर ठेवा, मला वाकवत नाही. एवढं सगळं अण्णा मला सांगत होते आणि मी आता बोलणी बसणार म्हणून जीव मुठीत धरून ऐकत होते.

“पुट्टी, तू मला विचारलं नाहीस,” ते म्हणाले.

“नाही विचारलं, अण्णा.”

“बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.”

पुढे सवड मिळाल्यावर मी ते प्लगिन नीट लिहून देते म्हटलं, तर अक्कानेच नको म्हणून सांगितलं. पाट होता आता. अण्णा रोज तो दाराबाहेर नेऊन ठेवत, फोटो काढत आणि मला पाठवत. मी पुण्याला परत आले तरी सकाळचा चहा व्हायच्या आत तो फोटो आलेला असायचा. हल्ली माझ्या हाताखाली चार मुलं काम करतात. एखाद्या साइटवरचं जुनं काही काढायचं झालं की मी आधी विचारायला लावते, हे कुणी मागितलं होतं, त्याला कळवलंय का? मुलं माझ्या माघारी हसतात. हसू देत.

या वर्षी एका सकाळी फोटो आला नाही. दुपारी पुतण्याचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. साइटवर बातमी टाकायला हवी, आणि तुम्हालाच सांगावं असं अक्का म्हणाली, म्हणाला. मी अण्णांचा पांढऱ्या शर्टातला एक फोटो लावला, खाली दोन ओळी लिहिल्या. कोण कुठे पांगलेली ती सगळी घरं, पाकळ्या विसरलेले डॉक्टर, न बोलणारे साडू, परदेशातली पोरं, सगळी एकाच वेळी साइटवर आली. अष्टमीलासुद्धा कधी एवढी माणसं आली नव्हती. मी इकडे पुण्यात पडद्याला डोळे लावून बसले होते, आता पान पांढरं पडणार, आता पडणार. संध्याकाळ झाली तरी पडलं नाही.

मी फोन उचलला. अण्णांचा नंबर काढला, लावलासुद्धा. पडली नाही हो अण्णा, एवढंच सांगायचं होतं. घंटी वाजायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं.