चौथ्या शेडचे पडदे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी जुनं काही सांगा म्हटलं, की मला तेरकडच्या त्या ब्रॉयलर फार्मचं चौथं शेडच आठवतं आणि स्वतःचाच राग येतो.

एप्रिलमधली उतरती दुपार होती. फार्मचा मालक, तिशीतला शेतकरी, धापा टाकत ठाण्यात आला. चौथ्या शेडमधली जवळपास सगळी पाखरं, म्हणजे कोंबड्या, मेली होती. शेजाऱ्याने पाण्यात विष कालवलं, अशी त्याची फिर्याद. शेजाऱ्याचं घर फार्मला पूर्वेकडून खेटून. वासावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं. मी गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, ग्रामसभेत त्यो सगळ्यांसमोर बोललाय, एक पाखरू जगू देणार न्हाय म्हणून."

मला तेवढं पुरलं. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली, जीप पाठवली आणि शेजाऱ्याला उचलून आणलं.

पन्नाशीचा माणूस, अंगावर कोरा सदरा. सारखा दाराकडे बघत होता.

"साहेब, लेकीला बघायला पाव्हणे आलेत. आज सोडा, उद्या सकाळी म्या स्वतः येतो."

"विष कुठून आणलंस?"

"कसलं विष? आज तर लई दिवसांनी वास नव्हता. म्या कशाला भांडण उकरू?"

मला तर त्याच्या कोऱ्या सदऱ्याचाही संशय आला. लेकीचं निमित्त करून हा निसटू बघतोय, असं वाटलं. त्याला बाकावर बसवून मी पंचनाम्याला गेलो.

तिथे मात्र मालकावरच संशय येऊ लागला. चारही शेडांना पाणी एकाच टाकीचं, मग विषाने एकाच शेडमधली पाखरं कशी मरतात? सोबतचे पशुवैद्यकीय अधिकारी आत फिरून आले.

"विष वाटत नाही, उष्माघात आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन आत शिरत नाही. यांनी कमी जागेत चार शेड बसवायला दक्षिणोत्तर आखली. आता दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट आत येतं. तरी वारा आरपार गेला तर पाखरं तगतात."

वारा पश्चिमेचा होता, शेडांमधून शेजाऱ्याच्या घराकडे जाणारा. बाकी शेडांच्या बाजूच्या जाळ्यांवरचे पडदे वर नीट गुंडाळलेले. शेजाऱ्याच्या घराजवळच्या चौथ्याच्या पूर्व बाजूचे मात्र घाईघाईने, वेडेवाकडे वर ओढलेले. शेजारी म्हणाला होता, आज वास नव्हता.

"हे पडदे दुपारी कुणी सोडले होते?"

मालक गोंधळला, तो दुपारी कळंबला गेला होता. शेडपाशी उभे असलेले त्याचे वृद्ध वडील पुढे आले.

"म्या सोडले. त्याच्या घरी पाव्हणे येणार, त्यांना वास नको म्हणून. घडीभरच सोडायचे व्हते, पण डोळा लागला. जाग आल्यावर घाईनं वर ओढले."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"पोरानं आधीच त्याचं नाव घेतलं, साहेब. मला भ्या वाटलं."

शेजाऱ्याला मी स्वतः घरी सोडलं. पाहुणे निघून गेले होते. मुलीच्या बापाला पोलिसांनी जीपमध्ये घातलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी जाऊन सगळा खुलासा केला. त्यांनी चहा पाजला, नकार बदलला नाही.

माणूस उचलण्याआधी जागा बघावी, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. मी ते शिकलो त्या दिवशी, आणि त्याची किंमत भरली एका मुलीने, जिचा जबाबही मी कधी घेतला नव्हता.