तोंडचं पाणी

आमचा मामा बसस्थानकावर उद्घोषक. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, हे माइकवरून सांगायचं काम. आवाज खणखणीत, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो आत्ताच सांगितलेलं खिडकीशी येऊन पुन्हा विचारणाऱ्यांचा.

त्याच्या जबड्याखाली गाठ आली आणि ती वाईट निघाली. रेडिएशन घेतलं, गाठ गेली. पण किरणांनी गाठीबरोबर शेजारच्या लाळेच्या ग्रंथीही भाजून काढल्या. तोंडचं पाणी पळणं मामाच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं.

जीभ टाळूला चिकटून बसायची. पावाचा घास तोंडात भिजायचाच नाही, पाण्याच्या घोटाने खाली ढकलावा लागायचा. मामी सगळं शिजवून, घोटून, पातळ करून द्यायची. मामा ताटाकडे बघून म्हणायचा, हे आधीच कुणीतरी चावलेलं दिसतंय. मामी ताट उचलून आत न्यायची, आणि थोड्या वेळाने गुपचूप तेच पुन्हा आणून ठेवायची.

भेटायला येणाऱ्यांनी तर वात आणला. जीव वाचला, लाळेचं काय घेऊन बसलास, असं प्रत्येक जण सांगे. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीणही त्यात होती. शेजारच्या वकिलाने लिंबाच्या गोळ्या चोखायला सांगितल्या. पुढे छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा त्यानेच खायचा सोडा पाण्यात घालून प्यायला सांगितलं. सोड्याने घटकाभर बरं वाटायचं, मग जळजळ परत. मामा सोड्याचा डबा घेऊनच कामावर रुजू झाला.

आणि व्हायचं तेच झालं. गर्दीच्या वेळी त्याने माइक सुरू केला, गाडीचं नाव घेतलं, आणि फलाटाच्या आकड्याच्या जागी सगळ्या स्थानकाला ढेकर ऐकू गेली. लोक पोट धरून हसले. दोन बॅगा घेतलेल्या एका बाईंची मात्र त्या गोंधळात गाडी चुकली. त्या खिडकीशी येऊन मामाला बोल लावून गेल्या. स्थानकप्रमुखांनी त्याला घरी जायला सांगितलं. घरी येऊन त्याने सोड्याचा डबा कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मामी त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"तुमच्या पोटाचा यात फारसा दोष नाही," सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "पोटातलं आम्ल थोडंफार सगळ्यांच्याच अन्ननलिकेत वर येतं. आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. ती आम्लाला खाली ढकलते, उरलेल्याची धार बोथट करते. तुमच्याकडे लाळच नाही, म्हणून ते तिथेच जाळत बसतं."

"मग सोडा?"

"सोडाही आम्ल मारतो, पण एकदम. दोघं भेटले की वायू सुटतो. तो कुठूनतरी बाहेर पडणारच."

मामाने पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी हे लाळेचं औषध फुकट गिळत होतो आणि मला कुणी सांगितलं नाही."

लिंबाच्या गोळ्याही बंद झाल्या. लाळ नसलेल्या तोंडात आंबट पदार्थ दातच खातो. बाईंनी आम्ल कमी करायच्या गोळ्या दिल्या, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायला सांगितलं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली. मामाने विटा लावून ती इतकी उंच केली, की मामी झोपेत घसरून पायथ्याशी जायची. शेवटी ती वैतागून दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. च्युइंगगमवरून स्थानकप्रमुख कुरकुरले, पण जळजळ कमी झाली आणि मामा पाण्याची बाटली घेऊन परत माइकसमोर बसला.

त्याला आता वर्ष होत आलं. परवा मी त्यांच्याकडे होते. पावाचा तुकडा चावता चावता मामा थांबला.

"हा गोड का लागतोय?"

"मी काही साखर घातलेली नाही," मामी लगेच म्हणाली. तिला वाटलं, नवी तक्रार.

"गोड लागतोय म्हटलं ना. तू खाऊन बघ."

तिने तुकडा तोंडात टाकला आणि नाही म्हणाली. तो चिडला, गिळू नकोस, चावत राहा म्हणाला. ती चावत राहिली. हळूहळू तिचा चेहरा बदलला. पावातल्या पिठाची लाळेने साखर व्हायला लागते, पोटातल्या आम्लात पडेपर्यंत ते काम चालू राहतं, हे मी शाळेत शिकले होते. मामाच्या तोंडाला थोडं पाणी आलं होतं, एवढं आम्हा तिघांनाही कळलं. मामीने डोळे पुसले आणि चावणं चालूच ठेवलं.

मामाने तो अख्खा तुकडा पाण्याशिवाय संपवला. मग म्हणाला, पाव शिळा आहे.