आधी चाय पी

"आधी चाय पी. मगे खोटा सांग."

जखम घेऊन आलेल्या बाईने "पडले" म्हणायला तोंड उघडलं की दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या आमच्या मावशी तिला असं थांबवायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. चहाचा छोटा पेला तिच्या हातात द्यायच्या, ड्रेसिंग रूमचं दार पायानेच लोटायच्या आणि हात धुवायला वळायच्या. चहा संपेपर्यंत तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

मी गोरेगावातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. माझ्या पाठीमागेच ड्रेसिंग रूम, मध्ये प्लायवूडची पातळ भिंत. त्यामुळे नऊ वर्षं मी मावशींना जेवढं पाहिलं, त्याहून जास्त ऐकलं. बुटक्या, अंगाने भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा सतत नाकावर घसरलेला. चिकटपट्टी दातांनी तोडायच्या. कात्री वापरा म्हणून डॉक्टरांनी दहादा सांगून पाहिलं. "कात्री गावेपर्यंत पेशंट बरो होता," कात्री शोधायलाही न वळता हे त्यांचं उत्तर. बोलणं निम्मं मुंबईचं, निम्मं मालवणी. समोरच्याला कुठलं कळेल याची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

आईबरोबर मूल आलं असेल तर त्याच्या हातात त्या बँडेजचा रोल द्यायच्या. "घट्ट धर हां, तू माझी असिस्टंट." मूल इतक्या जबाबदारीने रोल धरायचं की रडायचं विसरून जायचं. मला वाटायचं, मुलाला गप्प करायची ही युक्ती आहे. एकदा विचारलं तर म्हणाल्या, आईला मारताना पोराला काहीच करता येत नाही, ते उभं राहून बघतं. निदान पट्टी बांधताना तरी त्याचा हात लागू दे.

एकदा एक तरुण बाई मानेच्या मागच्या बाजूला भाजलेलं घेऊन आली. पुऱ्या तळताना तेल उडालं म्हणाली. मावशींनी मलम लावलं आणि शांतपणे विचारलं, "तेल पाठसून उडता गो?" ती आधी हसली. मग भिंतीपलीकडून मला बराच वेळ तिचं रडणं ऐकू येत राहिलं.

मावशी कुणालाच 'नवऱ्याला सोड' म्हणाल्या नाहीत. जवळच्या महिला मंडळात एक समुपदेशक ताई बसायच्या, त्यांचा पत्ता केसपेपरच्या मागे लिहून द्यायच्या. आधार कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले एका पिशवीत घालून विश्वासाच्या शेजारणीकडे ठेव, एवढं सांगायच्या. काही जणी त्या पत्त्यावर गेल्या. बऱ्याच गेल्या नाहीत. एक तर दुसऱ्या दिवशी भांडायलाच आली, माझा संसार मोडायला निघालात का म्हणून. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि परवा ड्रेसिंग बदलायला यायची आठवण केली. ती आलीही.

हे सगळं त्या कुठून शिकल्या, ते मला एकदाच कळलं. दुपारची वेळ होती, पेशंट संपले होते, आम्ही दोघी गॉझचे चौकोन कापत बसलो होतो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मावशी आठ-नऊ वर्षांच्या. त्यानंतर घरात दारू आली. लहान भावाला घेऊन त्या खाटेखाली लपायच्या आणि त्याच्या कानांवर हात ठेवायच्या. स्वतःचे कान उघडेच राहायचे. एवढं सांगून त्यांनी एक चौकोन कापला, घडी घातली आणि म्हणाल्या, "माझी आई पंधरा वर्षं मोरीत पडत होती. कुणी एकदा विचारलं नाय, एवढी निसरडी मोरी कसली तुमची?"

मावशींचं स्वतःचं घर मात्र आम्हाला आदर्श वाटायचं. नवरा लवकर गेला. घर त्यांच्या नावावर. मुलगा टॅक्सी चालवायचा, सून शिवणकाम करायची, सहा वर्षांची नात होती. नातीच्या गोष्टी सांगताना मावशींचा चष्मा हमखास घसरायचा. पुढे मुलाची टॅक्सी हातातून गेली, तो घरी बसला, असं कानावर आलं. त्यापुढचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एका सोमवारी त्या मनगट सुजवून आल्या. माळ्यावरची पेटी काढताना हातावर पडली म्हणाल्या. डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला. मी त्यांच्याकडे बघत होते. ती माळ्यावरची पेटी, ते बाथरूम, ती पायरी मी भिंतीपलीकडून इतक्या वर्षांत कितीतरी वेळा ऐकली होती.  मी चहा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचं ते पुढचं वाक्य मात्र मी म्हटलं नाही.

चहावर साय धरली तरी त्यांनी पेल्याला हात लावला नाही. मग सांगायला लागल्या, पण माझ्याकडे न बघता.

वर्षभर चाललं होतं. मुलगा सकाळपासून प्यायचा आणि बायकोवर हात टाकायचा. जरा भांडं वाजलं तरी नात झोपेतून उठून बसायची. आणि मावशी, दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना बोलतं करणाऱ्या मावशी, घरी टीव्हीचा आवाज मोठा करायच्या, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. उतरली की तो पाया पडायचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा. दर वेळी त्यांना वाटायचं, आता सुधारेल. माझ्या बापासारखा तो नाही, तो माझा आहे.

रविवारी दुपारी जेवताना त्याने ताट भिरकावलं आणि सुनेचे केस धरले. या वेळी मावशी मध्ये पडल्या. त्याने त्यांचा हात पिरगळला आणि निघून गेला. सून कोपऱ्यात बसून राहिली. नात उठली, ओला रुमाल घेऊन आली, आजीच्या मनगटाला गुंडाळला आणि अगदी मोठ्या माणसासारखी हळू आवाजात म्हणाली, "आजी, उद्या दवाखान्यात विचारलं तर माळ्यावरची पेटी पडली सांग हां."

म्हणजे पेटीची गोष्ट मावशींची नव्हतीच. सहा वर्षांच्या पोरीने ती जुळवून दिली होती.

"मी लपत तरी होतंय," मावशी म्हणाल्या. "ही तर आत्ताच शिकली गो सगळा."

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत त्या सुनेला घेऊन पोलीस चौकीत गेल्या. मी सोबत होते. सुनेचं म्हणणं लिहून झालं, मग साक्षीदार म्हणून मावशींचं सुरू झालं. आरोपीशी नातं काय, असं हवालदाराने विचारलं. आई, त्या म्हणाल्या. त्याने पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. मावशी, एकदा घरी जाऊन विचार करा, मुलगा आहे तुमचा, असं समजावून सांगू लागला.

मावशींनी चष्मा वर केला. मालवणी बाजूला ठेवून सरळ म्हणाल्या, "माझा आहे म्हणूनच आले. दुसऱ्याचा असता तर नुसता पत्ता लिहून दिला असता. तुम्ही लिहा."

बाहेर आल्यावर त्या चौकीच्या पायरीवर बसल्या. सून त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा पदर सारखा करत राहिली.

पुढचे महिने वाईट गेले. मुलाने घरात येऊ नये असा कोर्टाचा आदेश झाला. गावाहून फोन आले. ज्या भावाच्या कानांवर त्यांनी हात ठेवले होते, तोच भाऊ म्हणाला, आईने पोराला रस्त्यावर काढलं. मावशींनी फोन ठेवला, आणि त्यानंतर कित्येक दिवस दुपारी त्या एकट्याच गॉझ कापत बसायच्या. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात गेला, बाहेर आला, पुन्हा प्यायला, पुन्हा गेला. मावशी दर पंधरा दिवसांनी डबा घेऊन त्याला भेटायला जायच्या. सुनेला ते माहीत होतं. डब्यातली कोलंबीची कढी तीच करायची, असं नंतर कळलं. माणसाच्या मनाचा हिशेब मला तरी लागत नाही; तुम्हाला लागला तर सांगा.

त्याच दिवसांत एकदा डोकं फुटलेला एक दारुडा आला, मावशींच्या मुलाच्याच वयाचा. वास सगळ्या दवाखान्यात पसरला. एरवी मावशींनी त्याला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना म्हणून मी डोकावले. कोमट पाण्याने त्या त्याच्या केसांतलं वाळलेलं रक्त काढत होत्या, एकेक बट सोडवत. तो झोपून गेला होता.

मावशी निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, झटपट काम करते. तरी एखादी बाई खिडकीशी घुटमळते, त्या मावशी नाहीत का म्हणते, आणि नाही म्हटल्यावर आत जावं की न जावं अशी उभी राहते. मग मी खिडकी सोडून बाहेर जाते. मला मावशींसारखं जमत नाही. पण मी तिच्याजवळ बसते.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले होते. दार सूनबाईंनी उघडलं. मुलगा तीन महिने प्यायलेला नाही, वसईला कुठल्याशा गॅरेजात लागलाय, असं कळलं. आनंद मात्र कुणी दाखवला नाही. सून मशीनवर बसली. नात जमिनीवर आडवी झोपली होती, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. मी आवाज खाली आणला, तशी मावशींनी गरज नाही अशी मान हलवली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, केवढ्याने तरी. मी दचकले. पोरीची पापणीही हलली नाही.

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आता उठत नाय."