पन्नासपैकी त्रेचाळीस

बत्तीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचले, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मीटरकाका म्हणायची. निवृत्त झाल्यावर माणूस जरा निवांत बसतो की नाही? छे! ह्यांनी वेगळंच खूळ डोक्यात घेतलं. फ्लॅट विकायचा, खेड्यात जमीन घ्यायची, आपलं आपण पिकवून खायचं. मीठ आणि काड्यापेटी सोडून बाजारातून काही आणायचं नाही! काकूंनी आधी नाक मुरडलं, मग चपला घातल्या.

एकाच तालुक्यात सतरा जागा पाहिल्या. बरणीत माती नि पाणी घालून खळखळून हलवायचं, दुसऱ्या दिवशी थर मोजायचे. विहिरीत दोर सोडायचा तोही ऐन उन्हाळ्यात. वहीत पाच रकाने: माती, पाणी, ऊन, रस्ता, डॉक्टर. प्रत्येकाला दहा गुण. एका जागेची माती दगडाळ निघाली, त्यात कुंपणापलीकडच्या बाईनं प्रश्नांची सरबत्ती लावली. मुलं किती? सुनेशी पटतं का? "डोकं उठवलं बाईनं," म्हणत काकांनी ती जागा खोडलीच.

टेकडीमागच्या जागेला मात्र त्रेचाळीस! उद्या विसार द्यायचा, म्हणून दोघं शेवटचं बघायला गेले. चहासाठी स्टोव्ह आणला होता, काड्यापेटी घरीच राहिली.

"थांबा, मागून आणते," म्हणून काकू निघाल्या त्या तासाभरानं परतल्या, घामाघूम.

"तीन घरांना कुलूप. चौथ्यात एक आजी. काड्यापेटी दिली, पण माझा हात सोडेनात हो. पुढच्या महिन्यात लेक त्यांनाही घेऊन जाणार आहे."

"मग? आपल्याला कुणाचं काय अडलंय?"

"दोघं आहोत तोवर नाही अडत. पण आपल्यातलं एक आधी जाणार ना? मागे राहील त्यानं काड्यापेटी कुणाकडे मागायची?"

बंद घराचा मीटर हलत नाही, हे काकांइतकं कुणाला ठाऊक? तरी तीनदा येऊन ती कुलपं त्यांना दिसली नव्हती. जन्मभर आकडा वाचून दारातूनच मागे फिरलो, घरात कोण राहतं ते कधी विचारलं नाही. त्यांना मनापासून लाज वाटली. आपण आधी गेलो तर ही इथं एकटी, हा विचार त्यांना सोसवेना.

चहा तसाच राहिला. परतताना त्यांनी गाडी दगडाळ जागेकडे वळवली.

"अहो, माती?"

"दगड वेचू की. आहे काय त्यात!"

कुंपणापाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "ताई, काड्यापेटी मिळेल का?"

बाई पदराला हात पुसत आली. "मिळेल की. पण तुम्हाला कशाला? जागा घेतली का? गुडघे बरे आहेत ना वहिनींचे? सून येते का भेटायला?"

काका कुंपणाला टेकून उभे राहिले आणि एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देऊ लागले.