मिसेस मुकासा, कंपाला, खलास

"वहिनी, मुकासाक निरोप दिलंय. बायको गेली तेची, बिचारी," सावंत म्हणाला. मी नुकतीच जेवून टेलिफोन बोर्डापाशी आले होते.

ऐंशीनंतरची गोष्ट. दोहातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी ऑपरेटर होते. मुकासा युगांडाचा, आमच्या दुखानच्या साइटवर वेल्डिंग सुपरवायझर, गल्फमध्ये मुरलेला माणूस. त्याच्या देशात निवडणूक झाली, हरलेल्यांनी निकाल मानला नाही, आणि भरडली गेली गावातली साधी माणसं. सैनिक गावात शिरायचे, धान्य उचलायचे, घरं पेटवायचे. मुकासाची बायको दोन मुलींना घेऊन कंपालातल्या एका चर्चमध्ये आसऱ्याला आली होती. मीठ मिळत नाही, औषध मिळत नाही, एवढं तिने आधीच्या कॉलमध्ये सांगितलं होतं. मुकासाचा भाऊ नैरोबीत ट्रक चालवायचा. तो त्याच दुपारी त्यांना आणायला निघणार होता. तिला फक्त "तयार राहा" एवढं कळवायचं होतं.

त्यासाठी सकाळीच मी पी. पी. कॉल लावला होता. म्हणजे ठरावीक माणसाच्या नावाने बुक केलेला कॉल. एक्स्चेंजवाले तो त्या नावानेच ओळखतात. मी जेवायला गेले की टाइमकीपर सावंत बोर्डावर बसायचा. मालवणकडचा, मनाने सोन्यासारखा, दोहात नवाकोरा.

"एक्स्चेंजवाला नेमकं काय म्हणाला?"

"मिसेस मुकासा, कंपाला, खलास."

"आणि?"

"आणि बुकरा की काय. ता माका कळूक नाय."

बुकरा म्हणजे उद्या. आणि अरबीत खलास म्हणजे संपलं, आटोपलं. चहा संपला तरी खलास, दुकान बंद झालं तरी खलास. कंपालाची लाइन आजपुरती बंद झाली होती, बस. आपल्याकडे मात्र माणूस खलास झाला म्हणजे मेलाच.

तरी मला आशा होती. मुकासाला गल्फची भाषा येत होती.

"वायरलेसवर तू त्याला 'खलास'च म्हणालास ना?"

"नाय वहिनी. असा तोंडार कसा सांगूचा? नीट इंग्लिशमध्ये सांगितलंय. सॉरी, युअर फॅमिली एक्स्पायर्ड."

बायकोला फॅमिली म्हणणारे आपण. मुकासाने ऐकलं ते असं की बायको, दोन्ही मुली, सगळ्याच गेल्या.

मी वायरलेसवर दुखान लावलं. मुकासाला बोलावून घेतलं, सगळं समजावलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी भावाला टेलेक्स केला. जाऊ नको, कोणी उरलं नाही म्हणून."

टेलेक्स म्हणजे इथे टाइप केलं की तिथल्या मशीनवर लगेच उमटतं. लगेच पोहोचतो, हाच त्याचा गुण. आम्ही दुसरा टेलेक्स केला. नैरोबीहून उत्तर आलं, भाऊ माल भरून मोंबासाला गेला.

मॅनेजरसाहेबांना सांगितलं.

"लँग्वेज प्रॉब्लेम. कोणाची चूक नाही. मॅटर क्लोज करा."

"साहेब, ती बाई अजून तिथेच आहे."

"मग आपण इथून काय करणार?"

काहीच करू शकत नव्हतो, आणि माणूस खोटं बोलत नव्हता. मला त्याचाच राग आला.

भाऊ मोंबासाहून परतेपर्यंत रस्ता बंद झाला होता. चर्चही रिकामं करायला लावलं. बायको बाकीच्या लोकांबरोबर पायी निघाली. कित्येक आठवड्यांनी नैरोबीला पोहोचली, थोरलीला घेऊन. धाकटी वाटेतच तापाने गेली. साधं तापाचं औषध मिळालं नाही.

सावंत दुखानला जाऊन मुकासाच्या पाया पडला. मुकासाने त्याला उठवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम अच्छा से बोला था." सावंत परत आला आणि त्याने स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. बोर्डावर तो पुन्हा कधी बसला नाही. मला दोघांचंही वाईट वाटत राहिलं, अजून वाटतं.

पुढे नव्या ऑपरेटरला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायची: निरोप गोड करायचा नाही, आला तसा द्यायचा. सावंत वायरलेसवर नुसतं "खलास" म्हणाला असता, तर मुकासाने "ओके, बुकरा" म्हणून पुन्हा वेल्डिंग हाती घेतलं असतं, आणि ट्रक कंपालाला गेला असता.