बिडीविना सुतकाचे दिवस

थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत तो नीरेकाठच्या कळंबला शेती बघायचा आणि मी बारामतीत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात कामाला होतो. बिडी मी त्याच्याच जोडीनं ओढायला शिकलो आणि सोडलीही त्याच्याच जोडीनं. त्याच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "तू माझ्याम्होरं वढत बसलास तर मला न्हाय जमायचं. दोघं बी सोडू." सोडली. पण छाती काही सावरली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

सुतकात ओसरीवर दिवसभर माणसं येत. आलेला माणूस डोळे पुसे आणि मग खिशातून बंडल काढून आधी माझ्यापुढं धरी. त्यात वाईट काही नव्हतं. दुःखातल्या माणसाला चहा आणि बिडी, यापलीकडं काय द्यायचं हे कुणाला सुचत नाही. मी नुसते हात जोडायचो. धूर मात्र ओसरीभर असायचा, आणि त्या वासानं दादा इथंच कुठंतरी बसलाय असं वाटायचं. मला बिडी हवी होती की तो, हे मलाच कळत नव्हतं.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येईनात. ऊन चढलं. आमचे चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणत, पुढं आले.

"बिडीत जीव आडकला आसंल त्याचा. एक पेटवून ठेव पिंडापाशी."

त्यांनी बिडी आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. बिडी पेटवायची म्हणजे ओठांत धरून एक झुरका घ्यावाच लागतो. एकच झुरका, तोही दादासाठी. मला कोण काय म्हणणार होतं? मी काडी काढलीसुद्धा.

मागून वहिनी म्हणाली, "तात्या, त्यांनी सोडली व्हती. शेवटपतोर मागितली न्हाय. आता आपुन कशाला द्यायची?"

मी बिडी तात्यांना परत दिली. कावळा शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा करून लावला. वाटेत तात्या वहिनीला म्हणाले, "राग मानू नगंस, पोरी."

खरं अवघड गेलं ते गॅरेजात परतल्यावर. दुपारच्या चहाला सगळे बिड्या पेटवत, मी उठून कालव्यावर जाऊन बसायचो. हात रिकामे असत आणि रडू यायचं. वडील गेले तेव्हा मी बिडीवर बिडी ओढली होती आणि एकदाही रडलो नव्हतो. रडू तेव्हाही आलं असणार, धुराबरोबर गिळत गेलो.

एकदा गॅरेजातला एक मिस्त्री मागोमाग आला. मला रडताना बघून घाबरला.

"दुखतंय का काय?"

"न्हाय. दादाची आठवण आली."

त्यानं हातातली बिडी चपलेखाली विझवली आणि शेजारी बसला. "कसा व्हता रं तुझा भाऊ?" म्हणाला.

दादा गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही कामावर बऱ्याच उशिरा परतलो.